बाईंना वर्गाबाहेर जाऊ द्या

सकाळी साडेदहाच्या सुमारास शाळेच्या फाटकातून चार-पाच तरुण बाया लगबगीने आत जाताना तुम्ही पाहिल्या असतील. एकसारख्या काठाच्या साड्या, खांद्याला जड पिशवी, काखेत गुंडाळलेले तक्ते. मुलं त्यांना ‘बी.एड.च्या बाई’ म्हणतात. नेहमीच्या बाईंपेक्षा त्या मुलांना बऱ्या वाटतात, कारण त्या रागवत नाहीत आणि गोष्टी सांगतात. काही आठवड्यांनी निरोप समारंभ होतो, मुली रडतात, बाईंना गुलाबाचं फूल आणि पेन मिळतं आणि त्या दिसेनाशा होतात. पालक म्हणून आपला त्यांच्याशी संबंध एवढाच.

त्यातल्या कितीतरी जणी लग्न झालेल्या असतात. पदवी झाली, लग्न झालं, एक मूल झालं आणि मग घरातलंच कुणीतरी म्हणालं, ‘‘आता बी.एड. करून टाक, कुठंतरी शाळेत लागशील.’’ पूर्वी हे बी.एड. एका वर्षाचं असायचं. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीने २०१२ मध्ये शिक्षकांच्या प्रशिक्षणाबद्दल बरंच कडक लिहिलं, त्यानंतर २०१४ चे नवे नियम आले आणि २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. त्या नियमांत शाळेत राहून शिकण्याचा काळ वीस आठवड्यांचा धरला आहे. पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सलग सोळा. कागदोपत्री याला ‘शालेय आंतरवासिता’ म्हणतात, बोलताना सगळेच इंटर्नशिप म्हणतात. या सोळा आठवड्यांचा पगार नसतो. रिक्षा, तक्ते, झेरॉक्स, साडी, सगळं पदरचं.

माझी भाची नुकतीच या सोळा आठवड्यांतून बाहेर पडली. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, तिथली एक मोठी शाळा. तिची मेथड विज्ञान. पण विज्ञानाचे तास शाळेच्या सरांना सोडवेनात, आणि तिच्या वाट्याला आला पाचवीचा परिसर अभ्यास आणि नववीची जलसुरक्षा. ‘‘मावशी, मला तो विषय दिलाय जो कुणालाच नको असतो,’’ असं ती फोनवर म्हणाली होती. तिचं काही खोटं नव्हतं. पर्यावरणाचा तास म्हणजे गणिताचा राहिलेला भाग पुरा करायचा, वह्या तपासायच्या, स्नेहसंमेलनाचा नाच बसवायचा. ज्या तासाला शिक्षक नसतो त्याला मुलं ऑफ तास म्हणतात. हा विषय कायमचाच ऑफ!

गंमत अशी, की हा विषय शाळेत सहजासहजी आलेला नाही, तो न्यायालयाच्या हुकमाने आला आहे. एम. सी. मेहता नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. १९९१ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करा. (त्याच निकालात चित्रपटगृहांनी प्रत्येक खेळाला पर्यावरणाच्या स्लाइड्स फुकट दाखवाव्यात असंही होतं.) बरीच वर्षं काही फारसं हललं नाही, तेव्हा २००३ च्या डिसेंबरात न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं. मग पुस्तकं आली, जर्नल आली, प्रकल्प आले, श्रेणी आली. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने दोनदा सांगून आलेला विषय आपल्या शाळेच्या वेळापत्रकात कुठे असतो, तर जेवणाच्या सुट्टीनंतरच्या पेंगणाऱ्या तासाला.

आणि तो शिकवायचा कसा? बी.एड.ला पाठ टाचण नावाचा एक प्रकार असतो. प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, मूल्यमापन, गृहपाठ. उभ्या-आडव्या रेघा मारून रकाने करायचे, शिक्षक कृती एका बाजूला, विद्यार्थी कृती दुसऱ्या बाजूला. शैक्षणिक साहित्य दिसायला हवं, म्हणून भाचीच्या बरोबरच्या एका मुलीने प्रदूषणाचं मॉडेल केलं. कारखाना, धुराडी, नदी, मेलेले मासे. छान केलं होतं. सगळं थर्माकोलचं! २०१८ मध्ये राज्य सरकारने प्लॅस्टिकबंदी आणली, तेव्हा थर्माकोलची ताटंच नाही तर सजावटीचं थर्माकोलही तिच्यात होतं. त्या मॉडेलला चांगले गुण मिळाले आणि महिन्याभराने ते शाळेच्या मागच्या भिंतीपाशी पावसात भिजत पडलं. नदी खालून वाहते, मॉडेल वर पडलंय. हसावं की रडावं?

भाचीने मात्र नववीच्या मुलांना वर्गाबाहेर काढलं. लांब नाही, पाण्याच्या टाकीपर्यंत. तिथे सहा नळ, त्यातला एक गळका. तो म्हणे दोन वर्षं गळतोय. तिने मुलांना नळाखाली बादली ठेवायला सांगितली आणि वेळ लिहायला लावली. पंधरा लिटरची बादली अडीच तासांत भरली. म्हणजे तासाला सहा लिटर. शाळा सुटल्यावर, रात्री, रविवारी नळ गळायचा थांबत नाही, तेव्हा दिवसाला १४४ लिटर. बारा लिटरची एक कळशी धरली तर बारा कळश्या. मुलांनी महिन्याचा हिशोब केला, तो चार हजार लिटरच्या वर गेला. मग एका मुलाने विचारलं, ‘‘बाई, हा नळ दुरुस्त करायला किती लागतात?’’ कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी एक मुलगी प्लंबरकाकांना विचारून आली. वायसर बदलायचा होता, फक्त वायसर.

मुलं तो हिशोब फुलस्केपवर लिहून मुख्याध्यापकांकडे घेऊन गेली. त्यांनी चष्मा लावून वाचला, शिपायाला हाक मारली आणि संध्याकाळच्या आत नळ बंद. यातला मला आवडलेला भाग असा, की २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, तो प्रसंग भाचीने आधी नाही सांगितला. नळ दुरुस्त झाल्यावर सांगितला. तेव्हा मुलांनी आपणहून विचारलं की गाडीच्या एका डब्यात किती बादल्या मावत असतील.

आता यावर तिला काय मिळालं ते ऐका. त्या दिवशी पाठ बघायला आलेल्यांनी निरीक्षण वहीत शेरा मारला, प्रस्तावना नाही, फलकलेखन नाही, वर्गनियंत्रण कमी. वर्गच नव्हता तर वर्गनियंत्रण कुठून दिसणार? पाठ धरला गेला नाही, तिला तो पुन्हा घ्यावा लागला, चार भिंतींत, ‘पाण्याचे महत्त्व’ या विषयावर. त्या आठवड्यात घरी तिच्या लेकराला ताप होता.

कॉलेजचं राहू द्या, ते नियमांनी बांधलेले असतात. त्याहून जास्त विचार करायला लावणारी गोष्ट वेगळीच आहे. त्याच आठवड्यात दोन आया शाळेत आल्या. तक्रार अशी, ‘‘आम्ही पोरांना शाळेत नळाखाली बादल्या धरायला पाठवतो का?’’

ही तक्रार ऐकून हसणं सोपं आहे. पण त्यातली एक बाई लग्न होऊन आली तेव्हापासून सार्वजनिक नळावर रांग लावत आलीय. पहाटे चारला पाणी येतं म्हणून तिने वर्षानुवर्षं झोप अर्धी केलीय. तिला पाण्याचं महत्त्व शिकवण्याची कुणाची टाप आहे! तिने पोराला शाळेत घातलं ते त्याच्या हातातली बादली सुटावी म्हणून. तिच्या लेखी पुस्तक म्हणजे बादलीतून सुटका. आणि इथे बाई त्याच पोराच्या हातात पुन्हा बादली देतात. रागावणार नाही तर काय?

म्हणून बी.एड.च्या बाईंनी हे आयांना आधी समजावून सांगितलं पाहिजे, आणि आपण आयांनीही ते ऐकून घेतलं पाहिजे. बादली तीच, पण तिच्याबरोबर घड्याळ आलं, वही आली, गुणाकार आला, आणि शेवटी मुख्याध्यापकांच्या टेबलावर कागद गेला. रांगेत उभ्या राहिलेल्या आपल्या किती जणींना असा कागद कधी लिहिता आला? नगरपालिकेत जाऊन ‘आमच्या गल्लीला अमुक लिटर पाणी कमी येतं’ असं आकड्यानिशी सांगणारी बाई आणि ‘पाणी येत नाही हो’ म्हणून काकुळतीला येणारी बाई यांच्याशी तिथला क्लार्क सारखा वागत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मात्र एक गोष्ट भाचीलाही मी सांगितली, आणि तिला ती आधीच दिसली होती. असले उपक्रम निघाले की बादली, झाडू, खराटा आपोआप मुलींच्या हातात जातो आणि मुलगे वही-पेन घेऊन उभे राहतात. तिने दुसऱ्या दिवशी उलटं केलं. मुलग्यांनी बादल्या उचलल्या, मुलींनी हिशोब मांडला. पहिल्यांदा खिदळले, मग करू लागले.

पर्यावरणाचे धडे आणि बाई यांचं हे नातं जरा नीट बघण्यासारखं आहे. पुस्तकातलं प्लॅस्टिक बघा, कचरा बघा, पाणी बघा. शेवटी सल्ला कुणाला? आईला. आईने कापडी पिशवी न्यावी, आईने ओला-सुका कचरा वेगळा करावा, आईने भाजी धुतलेलं पाणी झाडांना घालावं. मूल घरी येऊन सांगतं, ‘‘बाईंनी सांगितलंय, बंब पेटवताना प्लॅस्टिक जाळायचं नाही.’’ आई म्हणते, ‘‘मग ओली लाकडं पेटवायला बाईंनाच बोलव.’’ दोघींचंही बरोबर आहे. दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं बंबात घातली की त्यातून निघणारा धूर विषारीच असतो, आणि तो आधी जातो बंबापाशी बसलेल्या बाईच्या छातीत. हे तिला कुणीतरी सांगायलाच हवं. पण घंटागाडी आठवड्यातून किती वेळा येते, आली तर गल्लीच्या तोंडाशी किती मिनिटं थांबते, हे मुलांनी मोजायला नको का? सुका कचरा वेगळा ठेवला तरी गाडीत तो ओल्याबरोबर एकत्रच ओततात का, हे फाटकापाशी उभं राहून बघायला काय हरकत आहे? गावाचं सांडपाणी नदीला कुठे मिळतं? पर्यावरणाचा धडा आईच्या पिशवीपाशी येऊन थांबतो, कारण पुढे गेलं तर नगरपालिका येते, कारखाना येतो, संस्थेच्या संचालकांचं कुणीतरी येतं. चार भिंतींत बसून हे टाळता येतं, बाहेर पडलं की नाल्याचा वास नाकात जातोच.

वर्गाबाहेरची शाळा हे शहरी फॅड आहे, असंही काही जण म्हणतात. त्यांना आपल्याच ताराबाई मोडक ठाऊक नसाव्यात. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आजच्या पालघर जिल्ह्यातला हा भाग. वारल्यांची मुलं गुरं राखायला जायची, शाळेत कुठून येणार? तर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा म्हणत तिला. शिकवण्याचं साहित्य काय, तर पानं, बिया, शंख-शिंपले, दगड. अनुताई स्वतः बालविधवा, शिकून उभ्या राहिलेल्या. या दोघी बायका होत्या आणि त्यांनी महाराष्ट्राला बालशिक्षण शिकवलं. आज बी.एड.च्या पेपरात त्यांच्यावर दहा मार्कांची टीप येऊ शकते. ती टीप पाठ करणारी मुलगी मुलांना गवतात घेऊन बसली तर मात्र तिचे गुण जातात!

भाचीचा पाचवीचा वर्ग मला जास्त भावला. पावसाळ्याचे दिवस होते. शाळेच्या मागे रिकामी जागा, तिथे उगवलेलं सगळं तिने मुलांना एकेक करून बघायला लावलं. नावं तिलाही सगळी येत नव्हती. तिने कबूल केलं की येत नाहीत, आणि वर्गातल्या एका मुलाच्या आजीला बोलावलं. आजी बाजारात भाजी विकतात. त्या आल्या, पदर खोचला आणि अर्ध्या तासात टाकळा, कुर्डू, घोळ, आघाडा, माका अशी रांग लावली. टाकळा कोवळाच खायचा, कुर्डूची भाजी कधी करायची, आघाडा गणपतीच्या पत्रीत असतो. मंगळागौरीची पत्री विकत आणायची सवय लागलेल्या आपल्याला ही नावं ऐकून माहीत असतात, झाड समोर आलं तर ओळखता येईलच असं नाही.

पण आजी म्हणाल्या म्हणून सगळं खरं, असंही नको. तिथेच काँग्रेस गवत माजलेलं होतं, आणि आजींच्या मते ते ‘पहिल्यापासूनच’ आहे. ते पहिल्यापासून नाही. ते मूळचं अमेरिका खंडातलं, आपल्याकडे पुण्यात १९५० च्या दशकात नजरेला आलं आणि मग देशभर पसरलं. हातांना खाज, काहींना दम्यासारखा त्रास, म्हणून नुसत्या हाताने उपटायचं नाही. इथे बाईंचं शिक्षण कामाला आलं. आणि रानभाजी ओळखल्याशिवाय तोंडात घालायची नाही, हा नियम आजी आणि बाई दोघींनी मिळून दोनदा सांगितला. आजींची माहिती आणि बाईंचं शास्त्र असं शेजारी-शेजारी उभं राहतं तेव्हा मुलं दोन्ही तपासून बघतात. तो तास मी पाहिला नाही, पण त्या वर्गातली एक मुलगी आमच्या गल्लीत राहते. ती येता-जाता कुंपणाकडे बोट दाखवून झाडांची नावं सांगत होती. सप्टेंबरात शाळेची सहल कासच्या पठारावर गेली. जागतिक वारसा म्हणून २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या जागांची नोंद झाली, त्यात ते आहे, जरूर बघावं. पण बसमधून उतरल्यावर तेरडा बघून ती म्हणाली म्हणे, ‘‘हा तर आमच्या शाळेमागं पण आहे.’’ बरोबर आलेल्या सरांना ठाऊक नव्हतं.

आता अडचणी. मुलं बाहेर नेली आणि पडली, मधमाशा उठल्या, रस्त्यावर गाडी आली तर जबाबदारी मुख्याध्यापकांची. त्यांची भीती अगदी खरी आहे. एका नवख्या मुलीवर पन्नास-साठ मुलं सोपवून तिला फाटकाबाहेर पाठवा, असं मी म्हणणार नाही. फाटकाबाहेर जाण्याची गरजही फारशी नसते. गळका नळ, पत्र्यावरून वाहून जाणारं पावसाचं पाणी, शालेय पोषण आहाराचं उरलेलं अन्न, मुलींच्या स्वच्छतागृहातला कचरा, कंपाउंडच्या आतला कडुनिंब, एवढं आतच आहे. सोळा आठवड्यांत एकाच झाडाकडे दर आठवड्याला पाहिलं तरी पाखरं, मुंग्या, पानगळ, पालवी असं बरंच काही लिहून होतं. त्यासाठी बाईंना एकच वर्ग सलग मिळायला हवा. आज या वर्गावर, उद्या त्या, जिथे शिक्षक रजेवर तिथे पाठव, असं चालतं. रिकाम्या जागा भरल्या जात नाहीत आणि बी.एड.च्या मुली फुकटच्या बदली शिक्षिका होतात. भाचीने सोळा आठवड्यांत जेवढे तास घेतले त्यातले कितीतरी तिच्या विषयाचे नव्हतेच.

आणि हीच वर्षं असतात. एकदा नोकरी लागली की निवडणुकीची कामं, माहिती भरणं, परीक्षा, पुन्हा माहिती भरणं. तिथे बादली ठेवून वेळ लिहायला लावणारी बाई चार वर्षांत ‘धडा वाचा, प्रश्न लिहा’ वर येते. तिला दोष देऊन उपयोग नाही. नोकरीच्या आधी टीईटी आहे, अभियोग्यता चाचणी आहे, पवित्र पोर्टल आहे, आणि त्यातला एकही टप्पा तिला मुलांना घेऊन झाडाखाली बसता येतं का हे विचारत नाही. विचारलं जाऊ शकतं ते फक्त इंटर्नशिपमध्ये. बाहेर घेतलेला तास पाठ म्हणून धरायचा, टाचणाऐवजी मुलांच्या नोंदवह्या तपासायच्या, एवढं कॉलेजांनी ठरवलं तर त्याला पैसे लागत नाहीत.

शाळेच्या पालकसभेत आपण गणिताचं विचारतो, इंग्रजीचं विचारतो, फीचं विचारतो. पुढच्या सभेला जाल तेव्हा आणखी दोन गोष्टी विचारा. परिसर अभ्यासाचा तास खरंच होतो का, आणि बी.एड.च्या बाई आल्यावर तो त्यांना सलग मिळतो का. मुख्याध्यापक म्हणतील, बाहेर न्यायला सोबत माणूस नाही. तेव्हा आपल्यातल्या कुणाला शनिवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, अर्धा तास येता येईल ते तिथेच ठरवून टाका. भाजी विकणाऱ्या त्या आजी दुकान नातवाच्या आईवर सोपवून येत होत्या.